एक नंबर

माझा नवरा एक नंबर माणूस होता. मिरजेत चहा जमून आला तरी लोक 'एक नंबर' म्हणतात, तसलं कौतुक मी करत नाहीये. एक ही त्याची खरोखरची संख्या होती, कायद्याने दिलेली, आणि त्या एकापायी तो गेला. ज्या बाईने त्याला ती संख्या दिली ती त्याची सख्खी बहीण, म्हणजे माझी नणंद. नणंद-भावजयीचं नेहमीचं रडगाणं म्हणून कुणाला हे बाजूला ठेवायचं असेल तर खुशाल ठेवावं. मला आता कुणाला काही पटवायचं नाही.

माझं मिरजेत पार्लर आहे. गणिताशी माझा संबंध शाळेतच संपला आणि तो संपला तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला होता. पण थोडं गणित सांगितल्याशिवाय माझा राग नेमका कशावर आहे ते कळायचं नाही, म्हणून सांगते. अवघड नाही. अवघड असतं तर मला कळलंच नसतं.

त्रिशला मगदूम आमच्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचा धाकटा भाऊ श्रेणिक आणि मी एका वर्गात होतो. सातवीत असताना ती आम्हा दोघांना त्यांच्या घराच्या जिन्यात बसवून गणित शिकवायची. एकदा तिने बाराचे मूळ अवयव पाडायला सांगितले. मी लिहिलं, एक गुणिले दोन गुणिले दोन गुणिले तीन. तिने पेन्सिलीने माझा एक खोडला.

"एक लिहायचा नसतो."

"का? बाराला एकाने भाग जातो की."

"जातो. पण एकाने गुणून काही बदलत नाही. तू एक एक लिहिलास, उद्या हा दोन एक लिहील, तिसरा दहा लिहील. मग बाराची फोड प्रत्येकाची वेगळी. एक लिहिलाच नाही की अख्ख्या जगात बाराची फोड एकच."

"बिचारा एक," श्रेणिक म्हणाला. तिने त्याच्या डोक्यात पेन्सिल हाणली.

पुढे मी त्याच श्रेणिकशी लग्न केलं. एका वर्गातले, म्हणून त्याला मी शेवटपर्यंत अरे-तुरे केलं. त्रिशलाला मात्र सासूबाईंनी 'ताई' आणि 'तुम्ही' लावून घेतलं. तोंडाने मी ते पाळलं. मनात ती कायम 'ती'च राहिली. श्रेणिकचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतीपंपाच्या जळलेल्या मोटारी यायच्या, तो तारेचे वेढे मोजत बसायचा. आम्हाला मूलबाळ झालं नाही, आणि त्यावरून त्याने मला कधी एक शब्द ऐकवला नाही. ती पुण्याच्या एका संस्थेत गणिताची प्राध्यापक झाली. तिने लग्न केलं नाही.

दोन हजार सदतीस साली दिवाळीला ती घरी आली. मी चपात्या लाटत होते. श्रेणिक ओट्याला टेकून गूळ-शेंगा खात उभा होता.

"किडनीच्या रांगेचं गणित मांडलंय मी," ती म्हणाली.

तेव्हा किडनीचा बाजार सगळ्यांना ठाऊक होता. डुकराच्या किडन्या निघाल्या होत्या, पण त्या वर्ष-दीड वर्षात शरीर नाकारायचं. खरी किडनी माणसाचीच. एखाद्या बाईला ती हवी असते, नवरा द्यायला तयार असतो, पण त्याची तिला चालत नाही. दुसऱ्या गावात अशीच एक जोडी असते. मग पहिल्या जोडीतला देणारा दुसऱ्या जोडीतल्या आजाऱ्याला देतो, दुसऱ्या जोडीतला तिसऱ्या जोडीला, अशी साखळी चालते. हे जगभर चालतं. आपल्याकडे ते अडायचं, कारण मध्येच कुठून तरी फोन यायचा, कुणाचा तरी मेहुणा मध्ये घुसायचा आणि कागद त्याच्या सोयीने बदलायचे.

"म्हणून कागदच ठेवायचे नाहीत," ती म्हणाली. "एकच संख्या ठेवायची, आणि तिने स्वतःबद्दल सगळं स्वतःच सांगायचं."

तिने माझा पोळपाट ओढला, त्यावरचं पीठ तळहाताने पसरलं आणि बोटाने लिहायला लागली. साखळीतल्या प्रत्येक जोडीला एक मूळसंख्या द्यायची. पहिल्या जोडीला दोन, दुसरीला तीन, तिसरीला पाच, पुढे सात, अकरा. जोडीला किडनी मिळाली की तिच्या मूळसंख्येने एकदा गुणायचं. तिने पुढे दिली की त्याच संख्येने पुन्हा एकदा.

"पहिलीला मिळाली. संख्या झाली दोन. पहिलीने दुसरीला दिली. बे दुणे चार, चार त्रिक बारा. दुसरीने तिसरीला दिली. चार नव्वे छत्तीस, छत्तीस पंचे एकशे ऐंशी. आता सुनेत्रा, मी तुला फक्त एकशे ऐंशी सांगितले. अवयव पाड."

"माझे हात पिठाचे आहेत," मी म्हणाले.

"दोन दोनदा, तीन दोनदा, पाच एकदा," श्रेणिक म्हणाला.

"म्हणजे पहिल्या दोघींनी घेतलं आणि दिलं. तिसरीने घेतलंय, द्यायचं बाकी आहे. नाव नाही, गाव नाही, फाइल नाही. प्रत्येक संख्या आपल्यासकट आपल्या आधीची सगळी साखळी सांगते, आणि आता कुणाची पाळी तेही तिच्यातच वाचायचं. मध्ये कुणी घुसला तर तिथून पुढची प्रत्येक संख्या चुकते, आणि ती चूक शाळेतल्या पोरालाही सापडते. नाटकात पात्र स्वतःशीच बोलतं ना, तसं. मी नाव ठेवलंय स्वगत."

"अवयवांच्या वाटपाला अवयव पाडायचे," श्रेणिक हसला. "ताई, तुझं डोकं म्हणजे एक नंबर."

"घेऊन पळणाऱ्याचं काय?" मी विचारलं.

"त्याची मूळसंख्या जन्मभर एकेरी दिसेल. आणि ज्याचा वर्ग झाला, म्हणजे ज्याने घेतलं आणि दिलं, त्या जोडीतल्या कुणाला पुढे गरज लागली तर तो रांगेत सगळ्यांच्या पुढे. संख्याच त्याला पुढे आणेल. कुणाला विचारायला नको."

मग श्रेणिकने तो प्रश्न विचारला. नसता विचारला तर बरं झालं असतं.

"पण पहिल्या जोडीला देणार कोण?"

ती पिठाकडे बघत राहिली. तिने दोनच्या अलीकडे एक उभी रेघ ओढली.

"एक. ज्याचा स्वतःचा कुणी आजारी नाही असा कुणीतरी. त्याने नुसतं द्यायचं. माझं मी बघितलं, माझा रक्तगट बी आहे. सुरुवातीला ओ हवा, म्हणजे कुणालाही चालतो."

श्रेणिकचा ओ होता. ओ गटाचा माणूस सगळ्यांना देऊ शकतो. त्याला घ्यायची वेळ आली तर मात्र ओचीच लागते.

"दोन आहेत की," तो म्हणाला. "एक देऊ या."

मी लाटणं खाली ठेवलं. तिने माझ्याकडे बघून सांगितलं, पिठाचं बोट वर करून सांगितलं, "उद्या ह्याची दुसरी बिघडली तर सगळ्यात पुढे हाच असेल. माझा शब्द." एकाचा वर्गही एकच, आणि एकाने गुणलं तर काहीच बदलत नाही, हे त्या स्वयंपाकघरात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या नाही आलं, ते ठीक आहे. पण तिच्याही नाही आलं. जन्मभर एक खोडत आलेली बाई ती, इथेही तिचा हात आपोआप चालला. तिने नंतर कायद्याच्या मसुद्यातही तेच केलं. सुरुवात करणाऱ्याचं नाव गुप्त, वर्षभराने त्याचे सगळे कागद नष्ट, आणि हॉस्पिटलची कुठलीही नोंद मालिकेच्या, म्हणजे त्या संख्येच्या, वर ग्राह्य नाही, कारण नोंदी विकत मिळतात. सगळं तिनेच घालून घेतलं. चांगल्या हेतूने.

स्वगत चाललं. नुसतं चाललं नाही, लोकांच्या तोंडी बसलं. हॉस्पिटलच्या दारात मोठ्या पडद्यावर ती संख्या असायची. दर शस्त्रक्रियेनंतर ती बदलायची, वाढत वाढत पडदा भरून टाकायची. फोनवर 'फोड' नावाचं ॲप आलं. माझ्याकडे चेहऱ्याला लेप लावून पडलेल्या बायका एका डोळ्याने संख्येचे अवयव पाडायच्या. किडनी मिळाली आणि पुढे दिलीही, की लोक पेढे वाटताना 'आमचा वर्ग झाला' म्हणायचे. घेऊन पळालेल्याला 'एकेरी' म्हणायची पद्धत पडली, पुढे ती कुणालाही द्यायची शिवी झाली. साखळी अशी कुणी तोडली की कुठून तरी नवा एक यायचा, देऊन निघून जायचा आणि साखळी पुन्हा चालू व्हायची. तिला पुरस्कार मिळाले. श्रेणिक टीव्हीवर तिला बघायचा आणि कुशीवरच्या व्रणावरून हात फिरवायचा. त्याला अभिमान वाटायचा. खरं सांगायचं तर मलाही वाटायचा.

सहा वर्षांनी त्याचे पाय सुजायला लागले. रक्तदाब, मग लघवीतून प्रथिनं, मग डॉक्टरांचं ते हळू आवाजात बोलणं. उरलेली किडनी जात होती. त्याला कमरेला बांधायचा डायलिसिसचा पट्टा मिळाला. तो बांधून दुकानात जाता यायचं, फक्त पट्ट्याला जोडायच्या शिरा टिकायला हव्यात. त्याच्या शिरा बारीक होत्या. डॉक्टर म्हणाले, एक वर्ष, फार तर दोन. माझी साखर तिशीपासून वाढलेली, मला देता येत नव्हतं.

आम्ही घाबरलो नाही. कशाला घाबरायचं? पहिला तोच होता. मी पार्लरच्या फोनवरून अर्ज भरला आणि दुसऱ्या क्षणी उत्तर आलं. 'अर्जदाराचा अवयव मालिकेत आढळला नाही.'

मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा भरला. पुन्हा तेच.

मी पुण्याला फोन लावला. तिने वाक्य ऐकून घेतलं. मग तिकडून आवाज आला, मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखा. "एकाचा वर्ग एक."

"म्हणजे काय, ताई?"

"म्हणजे तो संख्येत नाहीये, सुनेत्रा."

ती दुसऱ्या दिवशी मिरजेला आली. तिने करायचं ते केलं, हे मला मान्य आहे. श्रेणिक आजारी आणि ती देणारी, अशी त्यांची जोडी तिने मालिकेच्या शेपटीला लावली. पण तिची बी किडनी त्याला चालत नव्हती, त्याला ओ हवी होती, आणि ओची रांग सगळ्यात लांब. पाळी यायला पाच-सहा वर्षं लागणार होती. तिने रांगेचं गणित मला समजावून सांगितलं. मी तिला म्हणाले, गणित पुरे झालं. तुम्ही नुसतं सांगा की हाच पहिला होता. तुम्ही सांगितल्यावर कोण नाही म्हणेल?

तसा एक मार्ग होता. श्रेणिकसारखेच वगळले गेलेले, तुटलेली साखळी चालू करून देणारे दुसरेही 'एक' होते, त्यामुळे सरकारने एक समिती नेमली. सुरुवात करणाऱ्यांना हक्क द्यायचा का, यावर सुनावणी ठेवली. कागद नष्ट झालेले, डॉक्टरांच्या साक्षी पूर्वीच्या बाजारात विकल्या गेलेल्या, म्हणून समितीने एकच साक्ष मानायचं ठरवलं, तिची. पहिली शस्त्रक्रिया तिने स्वतः जुळवली होती. पहिल्याचं नाव तिला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचं पुढे ठरणार होतं.

ती न्यायला आली आणि आम्ही तिघं पुण्याला गेलो. सुनावणीच्या खोलीबाहेर लांब बाक होता आणि त्यावर नऊ माणसं बसली होती. प्रत्येकजण पहिला होता.

मला आधी हसू आलं. शर्ट वर करून एकमेकांना व्रण दाखवणं चाललं होतं. काहींबरोबर वकील होते. पण व्रण खोटे नव्हते. श्रेणिक उभ्याने दमला तेव्हा एका माणसाने सरकून त्याला जागा दिली. इचलकरंजीचा होता, सुतळी विकायचा, आधी यंत्रमागावर कामाला होता. नाव दगडू कोष्टी.

"तुमची कधी काढली?" श्रेणिकने त्याला विचारलं.

"लई वर्सं झाली. कायदा यायच्या आदी. पोरीला नोकरी लावतो म्हनाले. काढून घेतली आन् गेले. आता हिकडं एकानं गाठलं, म्हनला पहिला मीच असं सांग, तुझा पावना म्हनून एक पेशंट पुढं करतो, त्याचं काम झालं की तुझंबी बघतो."

"खोटं सांगणार मग तुम्ही?"

"दिलीया तर खरंच की," तो माणूस म्हणाला. "कुनाला दिली त्ये काय मला सांगितलंय व्हय कुनी."

श्रेणिकने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ती भिंतीला टेकून उभी होती. तिने हे सगळं ऐकलं. त्या वेळी माझ्या ते लक्षात आलं नाही. नंतर आलं, पण त्याने माझा राग कमी झाला नाही.

आत समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. बोलायला मऊ. त्यांनी आधी गणित विचारलं.

"संख्येत एक शोधता येईल का, प्राध्यापक मगदूम?"

"नाही. एक अवयव मानला तर तो कितीही वेळा असू शकतो. मग फोड एकच राहत नाही. बाहेर नऊ जण बसलेत, उद्या नऊशे बसतील, आणि संख्या त्यांतल्या कुणालाही नाही म्हणू शकणार नाही. स्वगतवर लोक विश्वास ठेवतात तो फोड एकच आहे म्हणून."

"बरं. गणित बाजूला ठेवू. आम्ही तुमच्या शब्दावर पहिल्याला हक्क द्यायला तयार आहोत. पहिला कोण होता?"

मी श्रेणिकचा हात धरला. पट्ट्याची बारीक घरघर ऐकू येत होती. ती उठून उभी राहिली. आमच्याकडे बघितलं नाही.

"मी उत्तर देणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"कुणाच्याही शब्दावर कुणी पुढे जाऊ नये म्हणून मी ही मालिका केली. पहिला अपवाद माझ्याच शब्दावर झाला, तर दुसरा कुणाच्या शब्दावर होईल ते मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे."

"अर्जदारांमध्ये तुमचे बंधू आहेत असं दिसतंय."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि खाली बसली.

दहा मिनिटांत सगळं आटपलं. सुरुवात करणाऱ्या एकाला हक्क नाही. कायदा आहे तसाच राहिला. बाहेर बाकावरच्या माणसांना शिपायाने जायला सांगितलं, आणि दगडू कोष्टीने जाता जाता श्रेणिकला विचारलं, "तुमचं झालं काय?" श्रेणिकने नाही म्हणून मान हलवली.

परतीला ती आम्हाला मिरजेला सोडायला आली. गाडी आपोआप चालणारी, ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे भांडायला संकोच नव्हता. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हणाले, तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात शब्द दिला होता. म्हणाले, तुमच्या त्या पडद्यावरच्या संख्येची अब्रू राहावी म्हणून तुम्ही भावाचा जीव दिलात. म्हणाले, लग्न नाही, लेकरू नाही, तुम्हाला काय कळणार. हे शेवटचं मी बोलायला नको होतं, कारण लेकरू मलाही नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती. साताऱ्याच्या पुढे तिने एवढंच विचारलं, "त्या कोष्टीला मी काय सांगितलं असतं, सुनेत्रा?"

"मला कोष्टीचं काय घेणं आहे?"

"असू दे की," श्रेणिक म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "बरोबर बोलली ती. त्या माणसानं पण दिलीच होती की."

"तू गप्प बस," मी म्हणाले. "तुला कुणी विचारलं नाही."

"कधी विचारलंत?" तो म्हणाला आणि हसला. त्याच्या हसण्याचा मला तेव्हा फार संताप आला. आता ते हसू आठवत राहतं आणि तो संताप कुठे ठेवायचा ते मला कळत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेली दोन वर्षंही त्याच्या शिरांनी पुरवली नाहीत. श्रावण संपता संपता तो गेला, दुपारी, मी त्याला उसाचा रस पाजता येतो का म्हणून विचारायला नर्सकडे गेले होते तेव्हा. त्याच्या दुकानात दोन मोटारी अर्ध्या गुंडाळलेल्या राहिल्या. मालिकेच्या शेपटीला लावलेली त्यांची जोडी रद्द झाली. दोघांपैकी आजारीच उरला नाही, तेव्हा देणारीला कशाला ठेवायचं? हॉस्पिटलच्या दारातल्या पडद्यावर त्या दिवशी काहीच बदललं नाही. बदलणार कसं? तो त्यात कधी नव्हताच.

ती दहाव्याला आली, बाराव्यापर्यंत राहिली. आम्ही एका घरात असून बोललो नाही. जाताना माझ्या पाया पडायला वाकली, मोठी असून. मी मागे सरकले.

पुढच्या वर्षी साखळी पुन्हा तुटली. कोल्हापूरकडचा कुणीतरी एकेरी निघाला. पुढे रांगेत बी गटाचे बरेच होते आणि नवा एक मिळत नव्हता. पार्लरमध्ये बायका त्याबद्दल बोलत होत्या, मी ऐकलं न ऐकलं केलं. मग एका सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. त्रिशला मगदूम यांना दाखल केलं आहे, जवळचं माणूस म्हणून तुमचं नाव दिलं आहे, शस्त्रक्रिया झाली आहे, कुणीतरी यावं.

मी गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मलाही आता तिच्याशिवाय मगदूम नावाचं कुणी उरलं नव्हतं. दारातल्या पडद्यासमोर मी थांबले. फोन काढला आणि 'फोड' उघडलं. मी ते पहिल्यांदाच उघडत होते. आकड्यांची भलीमोठी रांग होती, तिचे अवयव भराभर पडले. दोन दोनदा, तीन दोनदा, पाच दोनदा, मध्ये कुठे एखादी एकेरी, मग पुन्हा वर्ग. कालचा आकडाही त्यात दिसत होता. दोन्ही मी लावून बघितले. अक्षरशः तीच संख्या होती. वर तिची किडनी कुणाच्या तरी पोटात बसवायची तयारी चालली होती. ती बसली की ज्याला मिळाली त्याची मूळसंख्या दिसणार होती. तिचं काहीच दिसणार नव्हतं.

ती पलंगावर पडलेली होती, एकदम लहान झालेली. केस सुटलेले, तेलकट, गुंता झालेला. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. तिच्या डोळ्यांत भीती मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

"आलीस," ती म्हणाली.

"फोन आला म्हणून."

"त्याच्यासाठी दिली असती मी. घेतली नाही कुणी." तिला धाप लागली. मी पाणी दिलं, तिने ओठ ओले केले. "आता नुसतीच दिली."

मला तिचा राग यायला हवा होता. आला. श्रेणिकसाठी एक शब्द नाही आणि अनोळखी माणसासाठी एक किडनी, हे मला त्या क्षणी सहनच होईना. आणि त्याच वेळी तिच्या कुशीवरची पट्टी दिसली. श्रेणिकची पट्टी अशीच होती, त्याच बाजूला.

"सुनेत्रा," ती म्हणाली. "कागद वर्षभराने जाळतील. मीच लिहिलंय तसं." मग थांबली. पुढचं बोलायला तिला फार जड गेलं, ते दिसत होतं. "तुला ठाऊक आहे ना? मी दिली, हे तुला ठाऊक आहे ना? कधी कुणी विचारलं तर तू सांगशील ना?"

मी पर्समधून फणी काढली. पार्लरवालीच्या पर्समध्ये ती असतेच. तिच्या उशाशी बसले, तिचं डोकं थोडं माझ्याकडे वळवलं आणि टोकाकडून गुंता सोडवायला घेतला, दुखू नये अशा बेताने.

"एक लिहायचा नसतो, ताई," मी म्हणाले.

तिने डोळे मिटून घेतले. मी तिचे केस विंचरत राहिले.